कै. डॉ. आनंदीबाई जोशी आणि त्यांचें परदेशांतील आजारपण

मनुष्य आपल्या गांवीं, आपल्या माणसांत असतां दुखणें आलें, तर त्यास फारसें कांहीं सांगावें लागत नाहीं. आई कपाळावर हात ठेवून ताप ओळखते, शेजारी वैद्यास बोलावून आणितात, पथ्याची पेज कोणी तरी करून घालतें. परंतु तेंच दुखणें परमुलखांत आलें म्हणजे सर्व उलट होतें. कोणाचें दार ठोठवावें हें ठाऊक नसतें, आपल्या शरीरास काय होत आहे तें कोणत्या शब्दांनीं सांगावें हें सुचत नाहीं, आणि औषधास पैसे पुरतील कीं नाहीं या काळजीनें आजार दुणावतो. असा प्रसंग जिच्यावर घरापासून हजारों मैलांवर आला, अशा एका थोर स्त्रीचें चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. त्या स्त्रीचें नांव डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्या आपल्याच ठाणें जिल्ह्यांतील कल्याणच्या लेक होत.

शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांना कल्याण कांहीं परकें नाहीं. आपल्या भातसा व काळू या नद्यांचें पाणी ज्या उल्हास नदीला जाऊन मिळतें, तिच्याच कांठीं तें वसलें आहे. माळशेज घाटांतून उतरणारी वाट मुरबाडवरून कल्याणास जाते; आणि आसनगांव किंवा वासिंद येथें आगगाडींत बसणारा शहापूरकर मुंबईस जातांना कल्याणावरूनच जातो. कल्याणपर्यंत लोहमार्ग १८५४ सालीं आला, आणि १८६१ सालीं तो कसाऱ्यापर्यंत पोंचला. म्हणजे आनंदीबाईंच्या जन्मापूर्वींच आगगाडी शहापूरच्या रानांतून धांवूं लागली होती. परंतु त्या गाडींतून माल आला, टपाल आलें, परगांवचे लोक आले, तरी बायकांच्या दुखण्यास औषध देणारी स्त्री-डॉक्टर मात्र आली नाहीं. तिची वाट पाहत बसण्याऐवजीं स्वतःच तशी डॉक्टर होण्यास निघालेल्या मुलीची ही हकीकत आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. त्यांचें माहेरचें नांव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे जमीनदार. घराणें जुनें, पण पूर्वींची सुस्थिति उरलेली नव्हती. त्या काळच्या रीतीप्रमाणें यमुनेचें लग्न नवव्या वर्षीं झालें. वर गोपाळराव विनायक जोशी हे टपालखात्यांत नोकरीस होते. ते बिजवर असून वयानें वधूपेक्षां सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. बायको शिकलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता, आणि आपण तिला शिकविणार ही गोष्ट त्यांनीं लग्नाच्या वेळींच मान्य करून घेतली होती. लग्नांत त्यांनीं तिचें नांव आनंदी ठेविलें. त्यांच्या शिकविण्याला कठोरपणाची धार होती, आणि अभ्यासांत कसूर झाल्यास ते हातहि उचलीत. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तथापि ज्या काळीं नवऱ्यासमोर पुस्तक हातीं धरणें म्हणजे निर्लज्जपणा समजत, त्या काळीं त्यांनीं पत्नीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी यांचे धडे दिले, हेंहि तितकेंच खरें आहे.

आनंदीबाईंना चौदाव्या वर्षीं पुत्र झाला, आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या बाळास व बाळंतिणीस हवी ती वैद्यकीय मदत मिळाली नाहीं. या एका घटनेनें आनंदीबाईंच्या सर्व आयुष्यास निराळें वळण लागलें. आपल्या बाळाच्या मरणानें खचून गेलेल्या आया त्या काळीं घरोघर होत्या; दैवाला बोल लावून त्या पुन्हां चुलीकडे वळत. आनंदीबाईंनीं मात्र हें मरण टळण्यासारखें होतें काय, असा प्रश्न केला, आणि त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं वैद्यक शिकण्याचा निश्चय केला.

येथें आमच्या बालवाचकांनीं त्या वेळची स्थिति नीट समजून घ्यावी. पुरुष डॉक्टर मोठ्या शहरांतून मिळत असत. परंतु परपुरुषास नाडी दाखविण्याचाहि बायकांना संकोच वाटे, मग पोटांतलें दुखणें सांगणें तर दूरच राहिलें. बाळंतपण सुइणीच्या हातीं असे. सुईण अनुभवी असली तर बरें, नाहीं तर जें होईल तें सोसावयाचें. घर स्वतःचें, माणसें स्वतःचीं, भाषा स्वतःची. आणि तरीहि आजारी स्त्री त्या घरांत परमुलखांत पडल्यासारखी एकटी असे, कारण तिचें दुखणें ऐकून घेणारें व जाणणारें तेथें कोणी नसे. आनंदीबाई परदेशीं गेल्या त्या हा घरांतला परदेश नाहींसा करण्यासाठीं, असें आम्हांस वाटतें.

गोपाळरावांच्या बदल्या वारंवार होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशीं त्यांचीं बिऱ्हाडें फिरलीं. कोल्हापुरास असतां त्यांची तेथील अमेरिकन मिशनच्या लोकांशीं ओळख झाली. पत्नीस अमेरिकेंत शिक्षण मिळावें व आपणांस तेथें कांहीं उद्योग मिळावा, अशी विनंति त्यांनीं वाइल्डर नांवाच्या मिशनरी गृहस्थांस पत्रानें केली. वाइल्डरसाहेब पूर्वीं कोल्हापुरास होते, आणि त्या वेळीं स्वदेशीं परतून एक मासिक चालवीत होते. उभयतांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारावा अशी त्यांची अपेक्षा होती. ती जोशी पतिपत्नींस मान्य झाली नाहीं, आणि गोष्ट तेथेंच थांबली. परंतु हा पत्रव्यवहार वाइल्डरसाहेबांनीं आपल्या मासिकांत छापला. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई एके दिवशीं दंतवैद्याकडे गेल्या असतां, आपली पाळी येईपर्यंत तेथें पडलेलें तें मासिक त्यांनीं चाळलें. हिंदुस्थानांतल्या एका मुलीची शिकण्याची तळमळ पाहून त्यांचें अंतःकरण द्रवलें, व त्यांनीं पत्र लिहिलें. पत्रास उत्तर गेलें, उत्तरास पुन्हां उत्तर आलें, आणि ज्यांनीं एकमेकींस कधीं पाहिलें नव्हतें त्या दोघी मावशी आणि भाची झाल्या. पुढें परदेशच्या आजारपणांत आनंदीबाईंना जो आधार मिळाला, त्याची पायाभरणी अशी आधींच झाली होती.

आनंदीबाईंची प्रकृति अमेरिकेस गेल्यावर प्रथम बिघडली, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. कलकत्त्यास असतांनाच त्यांना अशक्तपणा फार होता. डोकें सतत दुखे, मधून मधून ताप येई, आणि कधीं कधीं श्वास लागे. हें कळतांच कार्पेंटर मावशींनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. जहाजांतून, टपालांतून, महिनोगणती प्रवास करून तीं औषधें आलीं, परंतु गुण आला नाहीं. यांत कोणाचा दोष नव्हता. हजारों मैलांवरून पत्र वाचून दिलेलें औषध हें प्रेमाची खूण असतें. तें नाडी पाहून, छाती तपासून दिलेल्या औषधाची जागा घेऊं शकत नाहीं. मावशींच्या मायेनें भाचीच्या मनास मात्र धीर आला, आणि जाण्याचा बेत पक्का झाला.

हा बेत बाहेर फुटला तेव्हां चहूंकडून टीकेचा भडिमार सुरू झाला. समुद्र ओलांडणें हेंच त्या काळीं पाप समजत, आणि परत येणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. त्यांत एकट्या बाईनें, नवऱ्यावांचून, अमेरिकेस जावें ही कल्पनाच लोकांना सहन होईना. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें, तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत, आनंदीबाईंनीं इंग्रजींत व्याख्यान दिलें. वयाचीं अठरा वर्षेंहि पुरीं न झालेल्या त्या मुलीनें लोक विचारीत असलेले सर्व प्रश्न आपणच मांडले व एकेकाचें उत्तर दिलें. अमेरिकेसच कां जावयाचें, येथें शिक्षणाची सोय नाहीं काय, एकटीच कां, जातिबहिष्कार झाला तर काय, हे ते प्रश्न होते. आणि त्यांतच एक प्रश्न असा होता कीं, परदेशीं कांहीं संकट ओढवलें तर काय करावें. संकटाच्या भयानें अंगीकारलेलें काम टाकूं नये, हें त्यांच्या उत्तराचें सार होतें. आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार, हेंहि त्यांनीं निक्षून सांगितलें. ज्या स्त्रीचें शरीर आधींच थकलें होतें, तिनें हें उत्तर दिलें, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे त्या उत्तराचें खरें वजन कळतें.

प्रवासखर्चासाठीं अंगावरचे दागिने विकावे लागले. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या. सोबतीस ओळखीच्या मिशनरी बाया होत्या. नात्यागोत्याचें कोणी नव्हतें. सुमारें दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या. त्या त्यांना आपल्या रोझेलच्या घरीं घेऊन गेल्या, आणि लेकीप्रमाणें ठेवून घेतलें. अनोळखी देशांत पाऊल टाकतांच एक उघडें दार मिळालें, हें आनंदीबाईंचें मोठें भाग्य होय.

त्याच वर्षाच्या शरदॠतूंत त्या फिलाडेल्फिया शहरांतील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाल्या. हें विद्यालय १८५० सालीं स्थापन झालें होतें, आणि स्त्रियांना डॉक्टरची पदवी देणाऱ्या जगांतील अगदीं आरंभीच्या संस्थांपैकीं तें एक होतें. तेथील मुख्य डॉ. रेचल बॉडले या मोठ्या विदुषी होत्या. त्यांनीं आनंदीबाईंच्या खर्चाची सोय करून दिली व त्यांच्याकडे ममतेनें लक्ष पुरविलें. निरनिराळ्या देशांच्या मुली तेथें शिकत. जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली या त्यांपैकीं दोघी. या तिघींचें आपापल्या देशीं वेषांतील एक छायाचित्र १८८५ सालीं काढलेलें आजहि उपलब्ध आहे. त्यांत आनंदीबाई लुगडें नेसून बसलेल्या दिसतात.

फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे काय, याची कल्पना आपणांस येणें कठीण. माहुलीच्या पायथ्याशीं किंवा माळशेजच्या माथ्यावर पौषांत जी थंडी पडते, ती त्या थंडीपुढें कांहींच नाहीं. तेथें बर्फ पडतें, आणि घरांत विस्तव सतत पेटता ठेवावा लागतो. आनंदीबाईंच्या राहण्याच्या खोलींत विस्तवाची व्यवस्था नीट नव्हती; पेटवावा तर धूर कोंडे, न पेटवावा तर अंग गारठे. आहार शाकाहारी, तो त्यांनीं सोडला नाहीं, आणि त्या देशांत तसलें अन्न पुरेसें मिळविणें अवघड होतें. त्यांनीं आपला पेहरावहि टाकला नाहीं. त्यावर दिवसरात्र अभ्यास, परक्या भाषेंतील व्याख्यानें, आणि शवच्छेदासारखे कष्टाचे विषय. आधींच नाजूक असलेली प्रकृति या भारानें हळूहळू ढासळूं लागली.

तरीहि त्यांनीं अभ्यास पुरा केला. हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनीं आपला प्रबंध लिहिला. दहा दिवसांच्या बाळाची आई ज्या विषयापुढें एकदां हतबल होऊन बसली होती, तोच विषय तिनें आतां लेखणीनें हाताळला. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या, आणि गोपाळरावहि त्यापूर्वीं अमेरिकेस पोंचले होते. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत आनंदीबाईंची गणना होते. त्याच वर्षीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनींहि तशी पात्रता मिळविली. कोल्हापूर दरबारानें तेथील आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्रीविभागाचें काम आनंदीबाईंकडे सोंपविण्याचें ठरविलें. जें मनांत धरून घर सोडलें होतें, तें हातीं आलें असें वाटूं लागलें.

परंतु दैवगति निराळी होती. पदवीनंतर अधिक अनुभव घेण्यासाठीं त्या बोस्टन येथील स्त्रिया व मुलें यांच्या इस्पितळांत गेल्या, आणि तेथेंच आजारानें उचल खाल्ली. रोग्यांची सेवा करावयास गेलेली डॉक्टर स्वतःच दुखणाईत झाली. हा रोग क्षयाचा होता. क्षयाचा जंतु जर्मनीच्या रॉबर्ट कॉक यांनीं १८८२ सालीं शोधून काढला होता. म्हणजे रोगाचें कारण तेव्हां नुकतेंच कळलें होतें, पण त्यावर चालणारें औषध जगांतील कोणत्याहि देशांत, कोणत्याहि डॉक्टरपाशीं नव्हतें. विश्रांति, सकस अन्न, मोकळी हवा आणि समुद्रप्रवास एवढेच उपाय तेव्हांचे डॉक्टर सांगत. स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील पहिलें गुणकारी औषध १९४३ सालीं सांपडलें, तेव्हां आनंदीबाईंना जाऊन छप्पन्न वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां अमेरिकेंत त्यांना उपचार मिळाले नाहींत, असें म्हणतां येणार नाहीं. स्त्री-डॉक्टरांच्या ज्या हातांसाठीं त्या समुद्र ओलांडून गेल्या होत्या, ते हात त्यांच्या उशाशीं होते, आणि मावशींची माया होती. शास्त्रापाशीं मात्र त्या दिवशीं देण्यासारखें कांहीं नव्हतें.

१८८६ च्या ऑक्टोबरांत पतिपत्नी स्वदेशीं परतण्यास निघालीं. निघतांना आनंदीबाईंची प्रकृति फार क्षीण झाली होती. बोटीवरचें आजारपण सर्वांत कठीण. किनाऱ्यावर एका डॉक्टरनें गुण न आला तर दुसरा शोधतां येतो. भर समुद्रांत जो कोणी असेल तोच. नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या, व पुढें पुण्यास गेल्या. आप्तस्वकीयांत राहून वैद्यकीय उपचार चालू होते, परंतु शरीर साथ देईना. कोल्हापूरच्या इस्पितळांतील त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांनीं देह ठेविला. बाविसावें वर्ष पुरें होण्यास एक महिना उरला होता. आपल्या देशांतील एकाहि स्त्रीची नाडी त्यांना डॉक्टर म्हणून आपल्या इस्पितळांत पाहतां आली नाहीं.

गोपाळरावांनीं त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेस पाठविली. न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी या गांवच्या दफनभूमींत, मावशींच्या कुटुंबाच्या जागेंत, ती ठेवलेली आहे. कल्याणच्या जोशांच्या लेकीला परक्यांनीं आपल्या पूर्वजांच्या शेजारीं जागा दिली. धर्म निराळा, वर्ण निराळा, भाषा निराळी. पण नातें खरें. या चरित्रांतील ही गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक हृदयस्पर्शी वाटते.

आनंदीबाईंचें आयुष्य अल्प, पण त्यांच्या मागोमाग वाट रुंद होत गेली. स्त्रियांस स्त्री-डॉक्टर मिळावी म्हणून लेडी डफरिन यांचा निधि १८८५ सालीं सुरू झाला होता. मुंबईचें कामा इस्पितळ १८८६ सालीं उघडलें. मुंबईच्या रखमाबाई लंडनला जाऊन १८९४ सालीं डॉक्टर झाल्या, आणि त्यांनीं सुरत व राजकोट येथें अनेक वर्षें स्त्रियांची सेवा केली. डॉ. बॉडले यांनीं पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथास १८८७ सालीं जी प्रस्तावना लिहिली, तींत आपल्या या विद्यार्थिनीची आठवण आदरानें नोंदविली. अमेरिकेंत कॅरोलाइन डॉल यांनीं १८८८ सालीं आनंदीबाईंचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि मराठींत काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलें. पुढें श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालीं निघाली, व त्याच नांवाचा चित्रपट २०१९ सालीं आला. तो आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. शुक्र ग्रहावरील एका विवरासहि त्यांचें नांव दिलेलें आहे.

आतां या चरित्रापासून आपण काय घ्यावें? थोरांचें चरित्र वाचून नुसतें धन्य म्हणणें सोपें. त्यांतील एखादी गोष्ट आपल्या घरीं आणणें अवघड. म्हणून दोन गोष्टी आम्ही स्पष्टपणें सांगतों.

पहिली गोष्ट प्रवास करणाऱ्यांसाठीं. आज आपल्या तालुक्यांतील मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुणें, मुंबई येथें जातात, आणि कांहीं समुद्रापलीकडेहि जातात. जाण्यापूर्वीं आपल्या प्रकृतीची नीट तपासणी करून घ्यावी. जुनें दुखणें असेल तर तें डॉक्टरपासून अथवा ज्यांच्याकडे राहावयाचें त्यांच्यापासून लपवूं नये. आपण घेत असलेल्या औषधांचीं नांवें व डॉक्टरची चिठ्ठी कागदांवर जवळ बाळगावी. परदेशीं जातांना प्रवासाचा विमा उतरवावा, कारण तेथील इस्पितळांचा खर्च आपल्या कल्पनेबाहेरचा असतो. आणि त्या देशांतील भारतीय वकिलातीचा पत्ता जवळ ठेवावा. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जेथें जावयाचें तेथें एक तरी ओळखीचें घर आधींपासून जोडून ठेवावें. आनंदीबाईंना तें घर पत्रव्यवहारानें मिळालें. दुखणें आल्यावर मावशी शोधूं लागलें, तर ती सांपडत नाहीं.

दुसरी गोष्ट घरीं राहणाऱ्यांसाठीं, आणि ती आम्हांस अधिक जवळची वाटते. परदेश म्हणजे केवळ समुद्रापलीकडचा मुलूख नव्हे. जेथें आपणांस कोणी ओळखत नाहीं, तेथें तो सुरू होतो. पाऊस सरला कीं शहापूर व मुरबाड येथील पाड्यांवरून कातकरी व ठाकूर कुटुंबें मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर कामास जातात. चार महिने, सहा महिने झोंपडींत काढतात. त्या झोंपडींत एखादें पोर तापानें फणफणलें, अथवा एखादी बाई अवघडलेली असली, तर तिला भट्टीवरून दवाखान्यापर्यंतचें अंतर फिलाडेल्फियाएवढें वाटतें. दवाखाना कोठें आहे हें तिला ठाऊक नसतें, तेथें काय बोलावें हें सुचत नाहीं, आणि दिवसाची मजुरी बुडण्याची धास्ती असते. शहापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडास ग्रामीण रुग्णालय आहे, आणि १०८ हा क्रमांक फिरविल्यास रुग्णवाहिका येते. क्षयाचें औषध, जें आनंदीबाईंच्या काळीं राजास देखील मिळालें नसतें, तें आज सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. परंतु या सोयींची माहिती ज्यास आहे, त्यानें ती ज्यास नाहीं त्याच्या झोंपडीपर्यंत नेली पाहिजे. वाटसरू, मजूर, माळशेजला आलेला परगांवचा प्रवासी, यांपैकीं कोणीहि आपल्या गांवांत आजारी पडला, तर त्याच्यापुढें आपण कार्पेंटर मावशी म्हणून उभें राहावयाचें आहे. त्यास पाणी द्यावें, दवाखान्यापर्यंत सोबत जावें, त्याच्या घरीं निरोप पोंचवावा. यास पदवी लागत नाहीं, पैसाहि फार लागत नाहीं.

मुलींना आम्ही आणखी एक शब्द सांगूं इच्छितों. आज वैद्यकीय महाविद्यालयांत जाण्यासाठीं कोणास दागिने विकून दोन महिने समुद्रावर काढावे लागत नाहींत, अथवा समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावें लागत नाहीं. तरीहि आपल्या डोंगराकडच्या गांवांतून अजून डॉक्टरची वाट पाहणाऱ्या बाया आहेत. ज्या मुलीचें शास्त्र विषयांत मन रमतें, तिनें आणि तिच्या आईबापांनीं या गोष्टीचा विचार करावा. कोल्हापूरची ती खुर्ची कोणी तरी पुढें भरली असेल. पण आपल्या तालुक्यांतील कित्येक गांवांत तशी खुर्ची अद्याप मांडलेलीच नाहीं. ती मांडून तिच्यावर बसणारी मुलगी आमच्या वाचकांतून निघो, एवढीच आमची इच्छा आहे.